कोंबडीच्या खाद्यात ओव्याचा वास : लाभ किती, भूल किती?

बाळाचे पोट फुगले की आजीचा हात आधी ओव्याच्या डबीकडे जातो. दाढ दुखली की लवंग, सर्दी झाली की गवती चहा, जेवण जड झाले की बडीशेप. आपल्या स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा हा अर्धा दवाखानाच असतो. मग घरच्या माणसांच्या पोटाला जे मानवते, ते दारच्या कोंबडीच्या पोटाला का मानवू नये?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यामागे आता मोठा व्यापार उभा आहे. ओवा, लवंग, दालचिनी, पुदिना, निलगिरी अशा वनस्पतींपासून काढलेली सुगंधी तेले कोंबडीच्या खाद्यात घालण्यासाठी बाटल्यांतून आणि पुड्यांतून विकायला आली आहेत. "हे घाला, अंडी दीडपट होतील, रोगराई जवळ फिरकणार नाही," असे सांगणारा माणूस बाजारात भेटतो, कधी दारातही येतो. ऐकणाऱ्याला वाटते, झाडपाल्याचेच तर आहे, बिघडले तर काय बिघडणार?

भगिनींनो, बिघडतो तो पैसा. आणि अंड्यांचा पैसा हा बहुतेक घरांत तुमच्या हातचा पैसा असतो. मुलांच्या वह्या, दवाखान्याची वेळ, सणाची साडीचोळी त्यातून निघते. तो नको त्या बाटलीत जाऊ नये, आणि खरोखर उपयोगाची वस्तू असेल तर ती केवळ अविश्वासाने हातची सुटूही नये. म्हणून हा विषय आज नीट उलगडून पाहू.

सुगंधी तेल म्हणजे कोणते तेल?

शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल आपण घाण्यात दाबून काढतो. ते खाण्याचे, अंगात ताकद देणारे तेल. सुगंधी तेलाची जात निराळी. पाने, फुले, बिया किंवा साल यांच्यात वासाचा जो अंश असतो, तो वाफेबरोबर उडवून, ती वाफ थंड करून हे तेल मिळवतात. ते ताकदीसाठी नसते, गुणासाठी असते. आणि ते फार थोडे निघते. शंभर किलो ओव्यातून साधारण दोन ते चार किलो तेल मिळते. लवंगेत मात्र ते भरपूर, म्हणजे शंभराला पंधरा ते वीस किलो असते.

दोन्ही तेलांतला फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि कागद वाऱ्याला ठेवा. घाण्याच्या तेलाचा तेलकट डाग तसाच राहतो. शुद्ध सुगंधी तेल उडून जाते आणि कागदावर तेलकटपणा जवळजवळ उरत नाही. बाटलीवर "शुद्ध" लिहिलेले असेल आणि कागदावर जाड तेलकट डाग राहिला, तर त्यात स्वस्त तेलाची भर आहे असे समजावे. मात्र काही कंपन्या मुद्दामच वाहक म्हणून दुसरे तेल वापरतात. तसे असेल तर ते लेबलावर छापलेले असले पाहिजे.

प्रत्येक वनस्पतीच्या तेलात एखादे मुख्य द्रव्य असते. ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्रल, निलगिरीत सिनिओल. परदेशात ओरेगानो आणि थाइम या वनस्पतींचा बराच बोलबाला आहे. पण थाइममधले थायमॉल आणि आपल्या ओव्यातले थायमॉल हे एकच द्रव्य आहे. १९१४ च्या महायुद्धापूर्वी आपल्या देशातला ओवा जहाजे भरून जर्मनीला जात असे, तो यासाठीच. तिकडे त्यातून थायमॉल काढीत आणि जंतुनाशक म्हणून, पोटातल्या जंतांवर औषध म्हणून वापरीत. तेव्हा परदेशी नावाने दिपून जाण्याचे कारण नाही. तोच गुण आपल्या डबीत आहे.

ही टूम निघाली कशी?

ही गोष्ट समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४९ च्या सुमारास अमेरिकेत जूक्स आणि स्टोकस्टॅड या दोन शास्त्रज्ञांना असे आढळले की, ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक औषध तयार करताना उरलेला चोथा कोंबडीच्या पिलांना चारला, तर पिले झपाट्याने वाढतात. मग काय, रोग असो वा नसो, कोंबडीच्या खाद्यात रोज थोडे थोडे प्रतिजैविक घालण्याची चाल जगभर पडली.

काही वर्षांनी तिचा उलटा परिणाम दिसू लागला. रोज थोडे थोडे औषध पोटात गेल्याने जंतू त्या औषधाला सरावले. ते औषध मग त्यांना मारीनासे झाले. असे निर्ढावलेले जंतू कोंबडीपुरते राहत नाहीत. ते शेडमधून, खतातून, हाताला लागून माणसांपर्यंत पोचतात. मग घरातले मूल आजारी पडले की नेहमीच्या औषधाने ताप उतरत नाही. ज्या औषधाने जीव वाचायचा, तेच बोथट होते.

हे ओळखून स्वीडनने १९८६ मध्ये, केवळ वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली. युरोपातल्या संघटित देशांनी टप्प्याटप्प्याने तसेच केले आणि १ जानेवारी २००६ पासून तेथे ही चाल पूर्ण बंद झाली. आपल्याकडेही भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या आणि त्यांचे खाद्य यांच्यासाठी बनवण्यास व विकण्यास मनाई केली. माणसाच्या गंभीर आजारात इतर औषधे हरली की शेवटी हेच औषध हाताशी उरते, हे त्याचे कारण.

प्रतिजैविके गेल्यावर त्यांच्या जागी काय, असा प्रश्न पोल्ट्रीवाल्यांपुढे उभा राहिला. त्या शोधातून वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडे लक्ष गेले. म्हणजे ही केवळ विक्रेत्यांची उठाठेव नव्हे. तिच्यामागे खरी गरज आहे आणि खरे संशोधनही आहे. प्रश्न एवढाच, की त्यातून तुमच्या खुराड्यात किती उतरते.

कोंबडीच्या पोटात काय घडते?

शास्त्रज्ञ तीन गोष्टी सांगतात.

पहिली गोष्ट जंतूंची. थायमॉलसारखी द्रव्ये जंतूच्या अंगावरचे पातळ आवरण खिळखिळे करतात. प्रयोगशाळेतल्या बशीत हे स्पष्ट दिसते. पण बशीत जे दिसते ते सगळेच्या सगळे पोटात घडेल असे नाही. पोटात खाद्य असते, पाचक रस असतात, आणि तेलाचा बराच भाग आतड्याच्या वरच्या टप्प्यातच अंगात शोषला जातो. म्हणून पोटातला परिणाम बशीतल्यापेक्षा सौम्य असतो.

दुसरी गोष्ट पचनाची. वासाच्या आणि चवीच्या द्रव्यांनी पाचक रस अधिक स्रवतात. आपल्या तोंडाला फोडणीच्या वासाने पाणी सुटते, तसाच हा प्रकार. पचन सुधारले की तेवढ्याच दाण्यातून अंगी जास्त लागते.

तिसरी गोष्ट खवट होण्याची. तेल, तूप हवेत राहिले की खवट होते. अंड्यातल्या बलकातही स्निग्ध पदार्थ असतात आणि तेही हळूहळू तसेच बिघडतात. काही सुगंधी वनस्पतींतली द्रव्ये हा बिघाड लांबवतात.

हे तीन गुण लक्षात ठेवा, म्हणजे विक्रेत्याचा कोणता दावा पटण्यासारखा आहे आणि कोणता हवेतला आहे, ते तुमचे तुम्हालाच कळेल. उदाहरणार्थ, "या तेलाने बलक केशरी होतो" असे कोणी म्हणाले, तर ते या तेलाचे काम नव्हे. बलकाचा रंग पिवळा मका, लसूणघास, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांतून येतो. "मानमोडी होणार नाही" असे म्हणाले, तर तेही खोटे. मानमोडी म्हणजे राणीखेत हा विषाणूचा रोग आहे. त्याला लस हाच आधार आहे, वासाची कोणतीही बाटली नव्हे.

प्रयोगांनी काय दाखवले?

येथे दोन प्रयोगांची माहिती देतो, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील.

तुर्कस्तानातल्या संशोधकांनी अंड्यावरच्या कोंबड्यांना ऐन उन्हाळ्यात एक मिश्र तेल खाद्यातून दिले. ओरेगानो, लॉरेल, सेज, मर्टल, बडीशेप आणि लिंबूवर्गी फळांची साल यांचे ते तेल होते. प्रमाण किती? एक किलो खाद्यात फक्त २४ मिलिग्रॅम. हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेल न दिलेल्या कोंबड्यांपेक्षा तेल दिलेल्या कोंबड्यांची अंडी वाढली आणि खाल्लेल्या खाद्याचे चीजही अधिक झाले.

ग्रीसमधला एक प्रयोग त्याच्या एक वर्ष आधी, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कोंबड्यांना दोन महिने ओरेगानोचे तेल किलोमागे ५० आणि १०० मिलिग्रॅम दिले. अंड्यांची संख्या, वजन, कवचाची जाडी, बलकाचा रंग यांत काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो एकाच गोष्टीत. बलकातल्या स्निग्धांशाचे खवट होणे कमी झाले.

एकाच वनस्पतीचे तेल दोन्हीकडे वापरात होते, पण एका ठिकाणी अंडी वाढली आणि दुसऱ्या ठिकाणी वाढली नाहीत. असे का व्हावे? जगभरच्या प्रयोगांचा मेळ घातला तर एक सूत्र दिसते. ज्या कोंबड्यांवर ताण आहे, म्हणजे उन्हाचा तडाखा, गर्दी, निकृष्ट खाद्य, अस्वच्छ जागा, तेथे सुगंधी द्रव्यांना काम करायला वाव मिळतो. ज्या कोंबड्या आधीच निरोगी, स्वच्छ जागेत, पुरते खाद्य खाऊन भरपूर अंडी देत आहेत, तेथे वाढवायला फारसे काही शिल्लकच नसते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय होणार?

आता यातून घाईने उलटा अर्थ काढू नका. ताण आहे तेथे तेल घालण्यापेक्षा ताणच कमी करणे स्वस्त पडते. त्याकडे पुढे येऊच.

बाटली घ्यावी की ओवा कुटावा?

घरी दहा-वीस कोंबड्या असणाऱ्यांनी शुद्ध तेलाची बाटली घेऊ नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे. कारण हिशेबातच आहे. किलोमागे १०० मिलिग्रॅम म्हणजे दहा किलो खाद्यात एक ग्रॅम तेल. दहा किलो भरड्यात पंचवीस-तीस थेंब सारखे पसरवणे घरच्या परातीत साधत नाही. एका कोंबडीच्या वाट्याला काहीच येत नाही आणि दुसरीच्या चोचीत जळजळीत गोळा जातो. पाण्यात थेंब टाकले तर तेही चुकते, कारण तेल पाण्यावर तरंगते आणि पहिल्या कोंबडीच्याच तोंडी लागते. पाण्यात मिसळणारी तयार औषधे वेगळी बनवलेली असतात.

त्यापेक्षा अख्खी वनस्पतीच वापरणे बरे. हिशेब पाहा. ओव्यात शंभराला दोन ते चार भाग तेल असते. म्हणजे ५ ग्रॅम ओव्यात १०० ते २०० मिलिग्रॅम तेल आले. प्रयोगांत जे प्रमाण वापरतात, त्याच्या आसपासच हे जाते. म्हणून दहा किलो खाद्याला ५० ग्रॅम ओवा ही वरची मर्यादा समजावी. सुरुवात २० ते ३० ग्रॅमपासून करावी.

ओवा भाजू नये. भाजताना घरभर जो वास सुटतो, तोच तर आपल्याला कोंबडीच्या पोटात हवा आहे. तो हवेत घालवून उरलेला कोंडा चारण्यात अर्थ नाही. कच्चाच ओवा जाडसर कुटावा. एकदम महिनाभराचा कुटून ठेवू नये, आठवड्यापुरताच कुटावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवावा.

मिसळतानाही एक रीत आहे. कुटलेला ओवा आधी अर्धा किलो मक्याच्या भरड्यात चोळून एकजीव करावा. तो भरडा मग दोन किलो खाद्यात मिसळावा आणि ते दोन किलो शेवटी दहा किलोत. एकदम पोत्यात टाकून फावडे फिरवले तर अर्धा ओवा तळाशी बसतो.

कोंबड्या दिवसभर परसात, उकिरड्यावर, शेताच्या बांधावर चरत असतील आणि घरचे खाद्य थोडेच लागत असेल, तरी प्रमाण त्या थोड्या खाद्यावरच धरावे. बाहेर खाल्लेल्याची भरपाई म्हणून ओवा दुप्पट करू नये. लहान पिलांना तर तो देऊच नये. हा विषय अंड्यावर आलेल्या कोंबडीचा आहे.

ज्यांची पाचशे, हजार कोंबड्यांची शेड आहे, त्यांच्यासाठी तयार मिश्रणे सोयीची असतात. चांगल्या मिश्रणात तेलाच्या कणांवर आवरण चढवलेले असते. त्यामुळे ते साठवणीत उडत नाही आणि पोटात हळूहळू मोकळे होते. पण घेताना लेबल वाचा. कोणत्या वनस्पतीचे तेल आहे, त्यात मुख्य द्रव्य किती आहे, टनामागे किती घालायचे, केव्हा बनवले, किती दिवस टिकते आणि कोणी बनवले, या सहा गोष्टी छापलेल्या नसतील तर पुडा परत करा. "वनौषधी मिश्रण" एवढेच लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ काहीच होत नाही. पुड्यात नकळत प्रतिजैविक मिसळलेले नाही याची लेखी हमी मागायलाही संकोच करू नका.

हातच्या कांकणाला आरसा कशाला?

परदेशातले प्रयोग, विक्रेत्याचे बोलणे, शेजाऱ्याचा अनुभव, सगळे बाजूला ठेवा. तुमच्या कोंबड्यांना, तुमच्या खाद्यावर, तुमच्या गावच्या हवेत लाभ होतो की नाही, हे तुम्हीच पाहू शकता. त्याला एक वही आणि एक तराजू पुरतो.

मोठी शेड असेल तर एकाच वयाच्या, एकाच जातीच्या कोंबड्यांचे दोन सारखे भाग करा. एकाला ओवा किंवा मिश्रण द्या, दुसऱ्याला नेहमीचे खाद्य. सहा आठवड्यांनी अदलाबदल करा. म्हणजे एक भाग मुळातच सावलीचा किंवा वाऱ्याचा असेल, तर त्याचा फायदा एकाच बाजूला मिळणार नाही.

घरी वीसच कोंबड्या असतील तर दोन भाग करून उपयोग नाही. दहातली एक खुडूक बसली तरी हिशेब फिरतो. तेव्हा तीन टप्पे करा. पहिले तीन आठवडे नेहमीचे खाद्य, पुढचे तीन आठवडे ओवा घातलेले, आणि शेवटचे तीन आठवडे पुन्हा नेहमीचे. रोज संध्याकाळी अंडी मोजून लिहा. फुटकी आणि पातळ कवचाची वेगळी लिहा. खाद्य किती लागले तेही लिहा. या नऊ आठवड्यांत बाकी काहीच बदलू नका. पेंड तीच, उजेड तोच, जागा तीच.

एक उदाहरण घेऊ. समजा, वीस कोंबड्यांनी पहिल्या २१ दिवसांत २७० अंडी दिली. ओवा सुरू केल्यावर २८३ दिली. लगेच आनंदून जाऊ नका, तिसरा टप्पा पाहा. ओवा बंद केल्यावरही २८२ आली, तर ती वाढ ओव्याची नव्हती. हवा पालटली असेल किंवा नव्या तलंगा रुळल्या असतील. पण ओवा बंद केल्यावर अंडी पुन्हा २६८ वर आली, तर ओव्याने काम केले असे मानायला जागा आहे.

मग पैशाचा हिशेब. कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. वीस कोंबड्यांना २१ दिवसांत साधारण ४६ किलो लागले. किलोला ५ ग्रॅमप्रमाणे २३० ग्रॅम ओवा लागला. ओवा २०० रुपये किलो धरला तर खर्च ४६ रुपये. तेरा अंडी जास्त मिळाली. अंडे ६ रुपयांना धरले तर ७८ रुपये आले. हाती राहिले ३२ रुपये. भाव तुमच्या बाजारचे घाला, रीत हीच ठेवा. आठ अंड्यांच्या आत वाढ असेल तर ओव्याचाही खर्च निघत नाही. आणि महागड्या बाटलीचा हिशेब असाच करून पाहिलात, तर नाकापेक्षा मोती जड झाल्याचे पुष्कळदा दिसून येईल.

हे मात्र करू नका

अति तेथे माती हे येथेही खरे आहे. जास्त घातले म्हणजे जास्त गुण येतो असे नाही. वास फार उग्र झाला तर कोंबडी खाद्य टाकते आणि खाद्य टाकले की अंडी आधी कमी होतात. शिवाय उग्र पदार्थांचा वास अंड्यात उतरू शकतो. दर आठवड्याला एक अंडे उकडून घरच्या मुलांना चाखायला द्या. मुलांची जीभ खोटे बोलत नाही. त्यांनी नाक मुरडले तर प्रमाण कमी करा, नाहीतर गिऱ्हाईक नाक मुरडेल.

चार-पाच तेले मनानेच एकत्र करू नका. लवंग, निलगिरी यांच्या तेलाच्या बाटल्या घरात असतील तर मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच जागी, कुलपात ठेवा. शुद्ध लवंगतेल कातडीला आणि डोळ्यांना पोळते. निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात थोडे जरी गेले तरी जिवावर बेतते. "झाडपाल्याचे" या शब्दाने निष्काळजी होऊ नका.

कोंबड्या मलूल झाल्या, हिरवी-पांढरी हगवण लागली, माना वाकड्या होऊ लागल्या किंवा एकामागून एक मरू लागल्या, तर ओवा कुटत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मेलेली कोंबडी तपासणीसाठी न्यायची का, ते आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी प्रतिजैविक दिले तर ते सांगतील तितके दिवस, तितकेच द्या. आणि औषध चालू असताना, तसेच ते थांबल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस, अंडी विकू नका आणि घरातही खाऊ नका. चार दिवसांची अंडी गेली तरी चालतील. ती औषधाची अंडी आपल्याच पोरांच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या पोरांच्या ताटात जाऊ नयेत.

आधीचे आधी

शेवटी मुळावर येऊ. सुगंधी वनस्पती म्हणजे भाकरीवरची चटणी आहे. भाकरीच नसेल तर चटणीने पोट भरत नाही.

कोंबडीची भाकरी म्हणजे काय? पहिली गोष्ट पाणी. ती खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. भांडे रोज घासलेले, पाणी गार आणि सावलीत हवे. दुसरी गोष्ट कवचाचा चुना. अंड्यावरच्या कोंबडीला रोज साडेतीन ते चार ग्रॅम कॅल्शियम लागते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, तिला हवा तसा ती खाईल. कवच मुख्यतः संध्याकाळनंतर आणि रात्री घडते, म्हणून संध्याकाळी तो भरलेला असावा. तिसरी गोष्ट प्रथिने. नुसता मका-ज्वारी घालून अंडी येत नाहीत. सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची बुरशी न लागलेली पेंड हवी. चौथी गोष्ट उजेड. दिवसाचा आणि दिव्याचा मिळून चौदा ते सोळा तास उजेड मिळाला की अंडी टिकतात. पाचवी गोष्ट कोरडी गादी. तूस ओला झाला की रोगांना आमंत्रण मिळते. सहावी गोष्ट वेळच्या वेळी लस.

आणि आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि तशी अंगातली उष्णता बाहेर काढते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. कवच घडवायला तोच लागतो, म्हणून उन्हाळ्यात कवच पातळ पडते. अशा वेळी पत्र्यावर पाचट किंवा तुराट्या टाका, वरून चुना लावा, बाजूला ओली गोणपाटे सोडा. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर घाला. दुपारी कोंबडीला हुसकू नका. हे सगळे केल्यावरही अंडी खाली येत असतील, तर तेव्हा ओवा घालून पाहा. तुर्कस्तानात लाभ दिसला तोही उन्हाळ्यातच, हे विसरू नका.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पाणी, खाद्य, चुना, उजेड, सावली, लस. मग वही आणि तराजू. मग ओवा, आणि तोही थोडाच. बाटली सगळ्यांच्या शेवटी, लेबल वाचून आणि हिशेब करून.

कोणी दारात येऊन दीडपट अंड्यांची गोष्ट सांगू लागला, तर त्याला पाट द्या, पाणी द्या आणि एकच सांगा: "भाऊ, तीन आठवड्यांपुरते ठेवून जा. माझ्या वहीत उतरले तर पैसे देईन." वस्तू खरी असेल तर तो कबूल होईल. नाही म्हणाला, तर तुमचा पैसा वाचला असे समजा.